चौथ्या सेकंदाचं उत्तर

दुपारचे दोन वाजले होते. बचावनौकेवरची ध्वनितंत्रज्ञ शर्वाणी तोरसकर पडद्यासमोर बसून विश्राम पेडणेकरांशी बोलत होती. पेडणेकर सहा सहकाऱ्यांसह 'तिमी' पाणबुडीत अडकले होते, एकशे ऐंशी मीटर खाली.

पाण्यातून रेडिओलहरी फार दूर जात नाहीत, म्हणून अक्षरं आवाजाच्या ठोक्यांत बदलून पाठवायची. त्यातली निम्मी वाटेतच हरवत. ती 'पूरक' नावाचा प्रोग्राम भरून काढी. पेडणेकरांचे तीन वर्षांचे संदेश त्याने वाचलेले होते, त्यामुळे वाक्य अगदी त्यांच्या तोंडचं वाटे.

"पुढच्या कप्प्यात आम्ही सातही जण आहोत, मॅडम. हवा कमी होतेय."

नौकेवरून सोडलेलं मानवरहित वाहन पाणबुडीच्या पुढच्या दारापाशी पोहोचलं होतं. त्याची बॅटरी एकच दार उघडण्यापुरती उरली होती. मागच्या कप्प्यातून काहीच ऐकू येत नव्हतं.

"कोणी जखमी आहे का?" शर्वाणीने विचारलं.

"नाही, मॅडम. सगळे ठीक."

तिचा हात थबकला. एकेका ठोक्याने हा प्रश्न पुरता खाली जायलाच बारा सेकंद लागतात. उत्तर चौथ्या सेकंदाला आलं होतं.

तिने पूरक बंद केला. पडदा कोरा झाला. कानात फक्त एका सैल झडपेची ठकठक; पूरक तिलाच अक्षरं समजून वाक्यं रचत होता. सकाळपासूनची नोंद तिने मागे नेत तपासली. खालून खरी आलेली शेवटची अक्षरं नऊ वाजून दहा मिनिटांची होती: "मागे जा". पुढे ठोके तुटले होते. पूरकने त्याचं "मागे जाऊ नका" केलं होतं.

"सर, वाहन मागच्या दाराला न्यायला हवं."

नौकेचे कॅप्टन हेमाडे तिच्याकडे वळले. "तीन अक्षरांवर सात जणांचा जीव लावायचा?"

"तेवढीच त्यांची आहेत, सर. बाकी सगळं आपल्या यंत्राचं."

हेमाडेंनी होकारार्थी मान हलवली.

मागच्या दारातून सहा जण जिवंत वर आले. पहिला वर आलेला खलाशी म्हणाला, "पुढून पाणी घुसलं. पेडणेकरदादांनी आम्हाला मागे ढकललं आणि पलीकडून दार लावून घेतलं. संदेशाचं यंत्र पुढेच आहे, कोणीतरी वर कळवायला हवं, म्हणाले."

पेडणेकरांचा कप्पा सव्वानऊलाच पाण्याने भरला होता.

संध्याकाळी धक्क्यावर पेडणेकरांची बायको हेमलता शर्वाणीला भेटली. ती रडत नव्हती.

"तुम्हीच बोलत होतात ना त्यांच्याशी? शेवटी घाबरले होते का हो ते?"

शर्वाणीच्या हातातल्या कागदांवर एक ओळ होती: 'हेमाला सांगा, मी घाबरलो नाही.' शब्द त्यांचेच वाटत होते. वेळ होती दुपारी एक वाजून चाळीस.

हेमलता वाट बघत होती. काय सांगायचं तिला?