एकविसावी ओवी

भांडुप स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पंखा जोरात होता. माझी पानं उडाली, त्याचीही उडाली, आणि दोघांची मिळून खाली पसरली. आम्ही एकदमच वाकलो.

"तुझं एक पान माझ्यात आलंय," तो म्हणाला.

"मग दे की."

"देतो… घाई आहे का?"

शौनक मुलुंडचा. आमच्याच कॉलेजचा, आमच्याच वर्गातला, पण तीन वर्षांत माझ्याशी बोलला तो त्या दिवशी. मग रोजच बोलायला लागला. बोलताना केसांतून हात फिरवायचा. मी भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीतली अक्षता, त्या हाताकडे बघत बसायची… आणि त्यानं काय विचारलं तेच विसरायची.

जानेवारीत लोकसाहित्याचा प्रकल्प आला. घरातल्या बायकांची गाणी गोळा करायची होती. मी आमच्या मालवणी बायकांची फुगडीची गाणी घेतली. शौनकनं ओव्या घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी हात टेकले. त्याची एकुलती आत्या दिंडोशीला राहते, बँकेत आहे. जातं तिनं चित्रातच पाहिलेलं. "वाट लागली यार. नेटवर काही मिळेल का गं?"

नेटवर होतं. माझ्या मावशीच्या वीस ओव्या मी कधीच्याच माझ्या ब्लॉगवर चढवल्या होत्या, स्वतःचं नाव न घालता. त्या रात्री मी एकविसावी लिहिली. जात्यावरची बाई ओवीत आपल्या माणसाचं नाव गुंफते, तसं मीही गुंफलं –

*सरलं दळण बाई, सुपात राहिली नाचणी*
*शौनकाच्या वाटेवर माझ्या डोळ्यांची राखणी*

सकाळी त्याला लिंक पाठवली. ब्लॉग कुणाचा, ते सांगितलं नाही. वाचेल, थबकेल, मग विचारेल… असं मनात धरून आठ दिवस फोन उशाशी ठेवला. नवव्या दिवशी त्याचा मेसेज आला. झकास काम झालं म्हणे. सगळं उचलून चिकटवलं, एका झटक्यात मावशीच्या जागी आत्या केली, दहा मिनिटांत सबमिट.

दहा मिनिटांत एकवीस ओव्या कोण वाचतं?

तोंडी परीक्षेच्या दिवशी माझा नंबर त्याच्यामागे होता. दार उघडंच होतं. मॅडमनी पानं चाळली, एका पानावर थांबल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. माझी ओळ त्यांच्या आवाजात फार सुंदर वाटली. मग त्यांनी विचारलं, हा शौनक म्हणजे तूच का?

त्याचा हात केसांत गेला आणि तिथंच राहिला. मी बाहेर दाराशी उभी. त्याला आता कळलं… आता कळलं असणार.

"हो मॅडम," तो म्हणाला. "आत्याचा लाडका भाचा ना मी."

मॅडम खूश झाल्या. अशी खरी, घरातली ओवी हल्ली मिळत नाही, असं म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यानं मला जिन्याकडे ओढलं.

"माझंच नाव होतं गं त्यात. मी वाचलंच नव्हतं. कोणी लिहिलं असेल?"

इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो असा आला.

"मी," मी म्हणाले. "तुझ्यासाठी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पापणी लवली असेल-नसेल, इतकंच. मग वळून त्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"मॅडमना बोलू नकोस हं, अक्षता. प्लीज. वर्ष जाईल माझं."

आतून माझं नाव पुकारलं. मी खुर्चीत बसले. फुगड्यांचं सगळं नीट सांगितलं. उठता उठता मॅडमनी सहज विचारलं, आधीच्या मुलाची ती नाचणीची ओवी, तुमच्याकडच्या मालवणी बायका म्हणतात का गं? तू कधी ऐकलीस?

दाराबाहेर त्याची सावली हलायची थांबली होती.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "आजच पहिल्यांदा ऐकली."