कवडीचा भाव ठरेपर्यंत

कंदिलाचं वजन जास्त भरलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पितळ तेवढंच, काच तेवढीच... आणि काटा मात्र कालपेक्षा पुढे. कंदील उचलला, पुसला, परत ठेवला. परत तेच. वैतागून मान वर केली, तर पलीकडे एक उंच माणूस भिंतीवरचे साचे बघत उभा—आणि त्याचं कोपर आरामात माझ्या काट्यावर टेकलेलं.

“कोपर विकायचंय का?” मी विचारलं.

त्याने दचकून खाली पाहिलं. “किती द्याल?”

“पितळेचा भाव नाही मिळायचा. भंगारात घेते.”

तो हसला. हसण्याच्या नादात कोपर काढायला विसरला.

आमच्या वर्कशॉपमध्ये पितळेच्या आणि कापडाच्या वस्तू बनतात. कुठल्या वस्तूला किती खर्च आला, ती कितीला विकली तर परवडेल, हे काढायचं काम माझं. म्हणून सगळे मला ‘काटा’ म्हणतात. तोंडावर प्रेमाने म्हणतात, पाठीमागे मनापासून. आणि हा कोपरवाला म्हणजे ‘नकाशे’. त्याचं आडनाव वेगळंच होतं. पण काखेत नकाशांची भेंडोळी घेऊन आला आणि दुपारच्या चहापर्यंत नकाशेच झाला.

त्याने मोबाइलवरचा एक खेळ बनवला होता. एक प्रवासी बर्फाच्या मुलखातून चालत जातो, कामं करून कवड्या कमावतो आणि त्या कवड्यांत कंदील, दोर, पांघरूण असं लागेल ते घेतो. खेळ लोकांना आवडला होता. तेव्हा आमच्या मॅडमनी ठरवलं, याच वस्तू खऱ्या बनवायच्या आणि खालच्या दुकानात विकायच्या.

“एक कवडी म्हणजे आपले किती पैसे, ते दोघांनी मिळून ठरवा,” मॅडम म्हणाल्या. “पण भाव एकच. खेळात जे महाग, ते दुकानातही महागच दिसलं पाहिजे. नाहीतर खेळणारी पोरं आपली टर उडवतील.”

किमतींचा तक्ता पूर्ण झाला की नकाशे आपल्या गावी परत जाणार होता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पहिल्या दिवशी त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

आम्ही खिडकीजवळचं टेबल घेतलं.

“दोन्ही जगांत मिळते अशी एक वस्तू शोधू या,” मी म्हटलं. “म्हणजे तिच्यावरून भाव निघेल.”

“पाव,” तो लगेच म्हणाला. “खेळात एका पावाला एक कवडी.”

मग कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. गरम पाव घेतला, त्याने मोडला आणि मोठा तुकडा माझ्या हातात ठेवला. “ठरला भाव! एक कवडी म्हणजे हा.”

“थांबा हो. या भावाने तुमचा कंदील विकला तर नुसतं पितळही सुटत नाही.”

“अहो-जाहो नका ना करू. उगाच बिल मागायला आल्यासारखं वाटतं.”

“बरं. थांब. कंदील परवडेल इतका भाव वाढवला, तर पांघरुणाची किंमत बघ. घेणारा तिथेच बेशुद्ध पडेल.”

“वर ते पांघरूण घालू. विक्री झाली.”

मी हसू दाबलं. पण त्याच्या किमती बघता बघता माझं डोकं चक्रावत होतं. मुक्कामाची खोली घोड्यापेक्षा महाग! गरम पाण्याची बादली तलवारीहून महाग. राजमुकुट मात्र दोन पावांना. आणि सगळ्यात महाग काय, तर एक साधी, बोटभर लांबीची किल्ली.

“घोडा एवढा स्वस्त कसा रे?”

“म्हातारा आहे.”

“आणि मुकुट?”

“मुकुटाने ऊब येते का?” हे तो हसतच म्हणाला, पण नजर खिडकीबाहेर गेली. मी ते पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. आकड्यांच्या माणसाची ही खोड असते—जे ताळ्यात बसत नाही त्यावर बोट ठेवायचं, मग बोटाखाली काय दुखतंय ते बघायचं नाही. मी सरळ मॅडमकडे गेले. खोली, पाणी, पांघरूण आणि किल्ली या चार वस्तू खेळातच स्वस्त केल्या की सगळं जुळतं, म्हणून सांगितलं.

“मग करा की स्वस्त,” मॅडम म्हणाल्या. “त्यात काय एवढं!”

मी मोठ्या फुशारकीने टेबलाशी परतले. “सुटलं गणित! फक्त चार किमती खाली आणायच्या.”

त्याने ऐकून घेतलं. पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ ती एका बोटाने पुढे-मागे ढकलत राहिला.

“बाबा गेले आणि काकांनी घराचं कुलूप बदललं,” तो म्हणाला. “आईच्या हातात जुनी किल्ली तशीच राहिली. तो हिवाळा आम्ही एका छापखान्याच्या ओसरीवर काढला. मी दिवसा तिथे कामाला. दोघांत एक पांघरूण... ती म्हणायची मला उकडतंय, तू घे. तिथेच बसून मी या किमती लिहिल्या. मुकुट, तलवारी काय, कुणाला हव्या होत्या?”

“आणि आई?”

“खेळ चालायच्या आधीच गेली.”

तो उठला, नकाशे गोळा केले. “तुझं बरोबर आहे, काटा. हिशोबात हे बसत नाही.” आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो आलाच नाही. समोरची खुर्ची रिकामी, आणि मी आणलेला पाव तसाच टेबलावर. मी पुन्हा मॅडमकडे गेले.

“मॅडम, त्या चार किमती तशाच राहू द्या. त्यांतलं काहीच आपण दुकानात ठेवायला नको.”

“पांघरुणं शिवून तयार आहेत! काटा, तू बोलतेयस हे? खर्च कोण भरणार?”

“माझ्या पगारातून कापा.”

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. “अगं बाई,” एवढंच म्हणाल्या, आणि चष्मा परत लावला.

संध्याकाळी सगळे निघायच्या बेतात असताना नकाशे आला. केस विस्कटलेले, डोळ्यांना झोप नाही.

“लिही,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “पांघरूण, कंदिलाच्या निम्मं.”

“नाही लिहिणार. मी मॅडमशी बोललेय.”

“अगं, ऐक तरी—”

“तुझ्या आईची थंडी मी नाही स्वस्त करणार!”

“ऐक.” त्याने माझ्या हाताजवळ हात ठेवला. हातावर नाही, जवळ. “एका मुलीचा मेसेज पडून होता. काल वाचला. तिचा प्रवासी कधीपासून एका बंद दारापुढे बसलाय, किल्लीसाठी कवड्या साठवत. तिने विचारलंय, तुमच्या खेळात आत जाणं एवढं अवघड का?” तो थांबला. “मी कुडकुडलो म्हणून सगळ्यांनी का कुडकुडायचं, सांग.”

मी लिहायला घेतलं. पांघरूण. पाणी. खोली. प्रत्येक आकड्याला तो मान हलवत होता, कुणाला तरी निरोप दिल्यासारखी. कंदिलाच्या भावाने आता सगळं अचूक बसत होतं, आणि तरी मला जराही आनंद नव्हता.

“किल्ली?”

“पावाएवढी.”

ती शेवटची ओळ होती. पेन कागदावर टेकलं, आणि तिथेच राहिलं.

“लिही ना.”

“लिहिलं की काम संपलं.”

“हो.”

“मग तू जाणार.”

खाली दुकानाची पाटी चढवत होते, तिचा खडखडाट तेवढा येत होता. मी त्याच्याकडे न बघता बोलले, कारण बघितलं असतं तर जमलं नसतं.

“मी दादा-वहिनीकडे राहते. माणसं चांगली आहेत. पण माझी गादी बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर. टीव्हीपुढून भाचे उठले, दादा उठला, वहिनीने दिवा घालवला, की मग माझी झोप सुरू. रडायचं झालं तरी बाथरूमचा नळ सोडून रडते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू तुझी ओसरी सांगितलीस... म्हणून. नको जाऊस.”

मग त्याने माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि किल्लीपुढे स्वतःच आकडा लिहिला.

“चल,” तो म्हणाला.

“कुठे?”

“खोली बघायला. सकाळपासून तेच करत फिरत होतो. एक आवडलीय. दोन खिडक्या आहेत, नळाला पाणी आहे. घरमालक वाट बघतोय.”

“तू... इथेच राहणार?”

“तू हो म्हणालीस तर. म्हणजे, दादाला मी रीतसर विचारेन. वहिनीला आधी विचारेन, तिची जास्त भीती वाटतेय.”

जन्मभर जे विचारत आले, तेच तोंडातून निघालं.

“भाडं किती?”

“मला एकट्याला झेपणार नाही एवढं.”

“अर्धं माझं,” मी म्हटलं, आणि चपला शोधायला टेबलाखाली वाकले. डोळे पुसताना कुणी बघितलेलं मला चालत नाही.