दाराआडचं वाक्य

त्या रविवारी मी सातपूरला गेले ती फक्त एक माईक पोचवायला. आमच्या ग्रुपचे दिग्दर्शक रविराजसर. त्यांच्या मित्राचं एमआयडीसीत एक बंद पडलेलं वर्कशॉप आहे, तिथे आमच्या तालमी चालतात. मशिनं केव्हाच विकली गेली, पण फरशीत तेल मुरलेलं, त्यामुळे आत पाऊल टाकलं की ग्रीस आणि गंजलेल्या लोखंडाचा वास नाकात बसतो. एरवी आजूबाजूच्या कंपन्यांच्या घरघरीने कान किटतात. रविवारी ती नसते. तेव्हा त्या पत्र्याच्या शेडमधली शांतता अंगावर येते.

मी नोकरी करते बँकेत, पण जीव नाटकात. नाटकांसाठी आवाज करते. पाऊस, गाडी, लांबचं कुत्रं, जे लागेल ते.

माईक ठेवून निघणार होते, तर सर म्हणाले, “दहा मिनिटं बस, हर्षाली. दुसरं मरण तुझ्याशिवाय जमणार नाही.”

स्पर्धेसाठी घेतलेलं नाटक पन्नास वर्षांपूर्वीचं. त्याचं पुस्तक आता कुठे मिळत नाही. गोष्ट प्लेगच्या साथीतल्या एका घराची. आई, बाप, तरुण मुलगा, लहान मुलगी. शेवटी आई एकटी उरते.

“लेखकाने काय केलंय बघ,” सर सांगत होते. “पहिलं मरण निरोप होऊन येतं. बाप छावणीत गेला, एवढं शेजारी येऊन सांगतो. दुसरं दाराआड. मुलाला ताप चढलाय, धाकटीला लागण नको म्हणून आईने त्याला आत ठेवून बाहेरून कडी घातलीय. तो हाका मारतो, ती उघडत नाही. आणि तिसरं, धाकटीचं, थेट आईच्या मांडीवर. लांबून जवळ, जवळ येत जातं. बघणारा खुर्चीत आक्रसत जातो.”

“आणि दुसऱ्यात माझं काय काम?”

“दुसऱ्यात दिसत काहीच नाही. सगळं ऐकायचं. ‘आई, दार उघड.’ बस. तीन थापा. मग शांतता. सिनेमावाल्यांना हेच कळलं नाही.”

या नाटकावर दोन सिनेमे निघाले होते, दोन्ही पडले. सरांनी ते लॅपटॉपवरून भिंतीवर लावले. पहिला काळा-पांढरा. त्यात कॅमेरा सरळ दारातून आत जातो. अंथरूण, घाम, मुलाचा चेहरा, सगळं दाखवतो. खरं सांगायचं तर भीती तिथेच संपते. मुलगा म्हणतो, “आई, दार उघड,” आणि मान टाकतो. पण ओठ मिटल्यावरही आवाज पुढे जातो. “मी...”

“डबिंगची चूक,” सर म्हणाले.

दुसरा सिनेमा वीसेक वर्षांनंतरचा, टीव्हीसाठी केलेला. त्या दिग्दर्शकाने कॅमेरा आईच्या तोंडावरच ठेवलाय, दार नुसतं मागे दिसतं. हा प्रसंग खरंच चांगला होता. माझ्या हातावर काटा आला. आतून आवाज आला, “आई, दार उघड. मी एकटा...” आणि थापा.

मी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. मग पहिल्या सिनेमातला. मग परत हा.

“सर, हा एकच माणूस आहे.”

“शक्य नाही. नावं वेगळी आहेत. हा त्या वेळी शाळेत असेल.”

“‘उघड’मधला घ ऐका. श्वास अडकतो तिथे. दोघांचाही तिथेच अडकतो.”

सर हसले. मीही हसले. कानाने काम करणाऱ्यांना असे भास होतात, हे मला माहीत होतं.

मग आम्ही विहंगचा आवाज घ्यायला बसलो. विहंग म्हणजे नाटकात मुलाचं काम करणारा आमचा नट, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सेटवरच्या दारामागे प्लायवूडची एक बंद खोकेवजा खोली केली होती, आवाज कोंडल्यासारखा यावा म्हणून. बाहेर पडायला तिच्या मागच्या बाजूला एक झडप. विहंग आत गेला, मी हेडफोन लावले.

“आई, दार उघड,” तो म्हणाला. त्याचाच आवाज, जरा पातळ, कॉलेजातल्या पोराचा. तीन थापा पडल्या. आणि मग माझ्या कानात, अगदी माईकला ओठ लावल्यासारखं, दुसरं कुणीतरी म्हणालं, “मी एकटा नाही.”

घ नव्हता त्यात. पण श्वास तोच होता.

विहंग झडपेतून बाहेर आला, घामाघूम. “ओके का, ताई?”

“शेवटी काय जोडलंस?”

“काही नाही. थापा मारल्या आणि गप्प बसलो.” त्याने कपाळ पुसलं. “आत लय उकडतं. आणि कुणीतरी मागे उभं आहे असं वाटतं. प्लायचा वास असेल.”

रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, तर त्यात फक्त विहंग होता. सर माझ्याकडे बघत राहिले. मी हेडफोन काढून ठेवले.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगांत आईचं काम अनसूयाताईंनी केलं होतं. वय पंचविशीचं, पण पांढरे केस लावून म्हातारी व्हायच्या. आता खऱ्या पंचाहत्तरीच्या. पंचवटीत एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. मी दुसऱ्या दिवशी बँकेतून परस्पर तिकडे गेले. चहा झाला. मी आवाजाचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“मुलाचं काम माझा धाकटा भाऊ करायचा. ललित,” त्या म्हणाल्या. “नांदगावला प्रयोग होता. त्याला दमा होता, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दारामागची जागा एवढीशी. त्याने वाक्य म्हटलं, थापा मारल्या. मग परत मारल्या. ते नाटकात नव्हतं.”

“मग?”

“मी आई होते ना. आईने दार उघडायचं नसतं. समोर सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं. असा प्रयोग आमचा कधी रंगला नव्हता.” त्यांनी कप बाजूला सारला. “पडदा पडल्यावर उघडलं.”

खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, मंदिराकडे जाणारी माणसं मोठ्याने बोलत होती, आणि त्या खोलीत मात्र घड्याळाचीही टिकटिक नव्हती.

“तुमच्या पोराला आत बसवू नका,” त्या शेवटी म्हणाल्या.

मी सरांना सांगितलं. ते हट्टाचे, पण वाईट माणूस नाहीत. त्यांनी खोक्याला वर भोकं पाडली, झडप मोठी केली, विहंगला डॉक्टरकडे नेऊन तपासून आणलं. “दमा नाही, काही नाही. धडधाकट आहे,” म्हणाले. विहंगलाही ती जागा सोडायची नव्हती. तो म्हणाला, ताई, या एका वाक्यासाठी तर मी हे काम घेतलं. तरी मी अनसूयाताईंना प्रयोगाला बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या, पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसल्या.

प्रयोग दुपारचा होता. परीक्षक मध्यावर, मागे कॉलेजची मुलं, काही कुटुंबं, कुणाचं तरी रडणारं बाळ. बापाच्या मरणाचा निरोप आला तेव्हा ते बाळही थांबलं. सरांचं गणित बरोबर होतं. प्रकाश कमी होत गेला तशी माणसं पुढे झुकली. आईचं काम पूजा करत होती. ती दाराकडे पाठ करून उंबऱ्याशी बसली, मांडीवर धाकटी.

मी विंगेत, हेडफोन लावून.

“आई, दार उघड.”

एक थाप. दुसरी. तिसरी.

शांतता. एवढी, की पूजाच्या बांगड्या ऐकू येत होत्या. आणि मग, फक्त माझ्या कानात नाही, स्पीकरमधून, सगळ्या नाट्यगृहात:

“मी एकटा नाही...”

पूजाने दचकून मान वळवली. तिला वाटलं, मी काही नवीन लावलं. मी हेडफोन फेकून खोक्यामागे धावले. झडप ढकलली. हलेना. आतून थापा येत होत्या, पण हळू, एकेक, कुणी झोपेत उशीवर हात मारावा तशा. मी खांदा लावला. प्लायवूडच ते, नखभर जाडीचं, पण भिंतीला टेकल्यासारखं वाटलं. “विहंग,” मी हाक मारली. “विहंग, बाहेर ये.” थापा थांबल्या.

तेवढ्यात पलीकडे कडी काढल्याचा आवाज झाला.

अनसूयाताई पायऱ्या चढून रंगमंचावर आल्या होत्या. पांढरी साडी, पांढरे केस. कुणी अडवलं नाही. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. त्यांनी पूजाला हाताने बाजूला केलं आणि दार सताड उघडलं. त्याच क्षणी माझ्या हाताखालची झडप आपोआप आत गेली.

विहंग बसला होता. डोकं एका बाजूला कललेलं, ओठ निळसर. अनसूयाताई खाली बसल्या, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून हलवत राहिल्या. “ऊठ रे. उघडलंय दार. ऊठ.” त्या विहंगशी बोलत होत्या की आणखी कुणाशी, मला सांगता येणार नाही. मग त्याने मोठा श्वास घेतला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

पडदा पाडला. तिसरं मरण झालंच नाही.

दवाखान्यात रात्रभर ठेवून त्याला सोडलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर पांघरूण छातीशी धरून बसला होता.

“मला गुदमरायला झालं नव्हतं, ताई,” तो म्हणाला. “उलट फार बरं वाटत होतं. आत कुणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं. मला उठावंसंच वाटेना.”

आठवड्याने निकाल लागला. आम्हाला काही मिळणार नव्हतंच, नाटक अर्धवट राहिलेलं. पण एका परीक्षकांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, की ध्वनीची कल्पना अप्रतिम. मुलगा दाराआडून ओरडतो आणि आतलीच एक बाई त्याला हळू आवाजात निजवते, हे मूळ नाटकात नव्हतं ना? ती बाई कोण? तिचं नाव पत्रिकेत कसं नाही?

सरांनी मला फोनवर हे सांगितलं. असा कुठलाच आवाज मी लावला नव्हता.

अनसूयाताईंना सांगणं मला भाग होतं. संध्याकाळी गेले. त्यांनी दिवा लावला, देवापुढचा आणि मग खोलीतला. मी सगळं सांगितलं, परीक्षकांचे शब्द होते तसे. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“नांदगावला मलाही ऐकू आली होती ती,” त्या म्हणाल्या. “ललित थापा मारत होता आणि आतून एक बाई म्हणत होती, शू... निज... निज. मी इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. कोण विश्वास ठेवणार?” त्यांचा आवाज अगदी खाली आला. “लोक म्हणतात, अनसूयेने नाटकासाठी भाऊ घालवला. तसं नव्हतं गं. मला वाटलं, आहे कुणीतरी त्याच्याजवळ. म्हणून मी नाही उघडलं.”

मी त्यांचा हात धरला.

निघताना त्या उठल्या. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्यांनी ते पूर्ण उघडलं आणि एक जड लाकडी स्टूल ओढून दाराला लावलं, बंद होऊ नये म्हणून.

“रोज लावते,” त्या म्हणाल्या. “ती येते तेव्हा आधी दार लागतं.”

मी चपला घातल्या, जिना उतरायला लागले. खालच्या वळणापर्यंत पोचले नसेन, तोच वर स्टूल सरकल्याचा आवाज आला. फरशीवरून, सावकाश, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने.

मी धावत परत गेले. बाहेरचं दार उघडंच होतं. अनसूयाताई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, माझ्याकडे पाठ करून, जिथून ते स्टूल हाताला लागणं शक्य नव्हतं. आतली खोली बंद होती.

“अनसूयाताई...”

त्यांनी मागे न बघता एक हात वर केला, मला थांबवायला. मान जरा कलती झाली होती. आत कुणी ओळखीचं बोलत असावं, आणि त्यातला शब्दही निसटू नये, अशा त्या ऐकत होत्या.