दाराजवळची जागा

तुमच्या घरी एखाद्या गेलेल्या माणसाचा आवाज आहे का? फोटो सगळ्यांकडे असतो. आवाज क्वचितच कुणाकडे. आमच्याकडे कनकाअक्कांचा राहिला असता. तो राहिला नाही, त्याला कारण मी.

मी बेळगावची. लग्न होऊन मद्रासला आले, ती तंजावरी मराठी घरात. कनकाअक्का माझ्या थोरल्या नणंद. लग्नघरी हळद दळताना म्हणायच्या जुन्या ओव्या त्यांना शेकड्यांनी पाठ. ओवी दोघींनी म्हणायची असते. एकीने उचलायची, दुसरीने पुरी करायची. गाण्याआधी अक्का एक मिरी दातांखाली फोडत. कट्ट असा बारीकसा आवाज येई, की समजावं, अक्का आता गाणार.

एकोणीसशे एकोणसाठ साली इथल्या मराठी मंडळाने त्या ओव्यांची तबकडी काढायचं ठरवलं. आमचा नात्यातला राघोत्तम अड्यारला एका बंगल्याच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचा. त्या दिवशी अक्कांना कोण आनंद! पण त्यांचा आवाज थरथरत होता, आणि माझा तेव्हा चांगला होता. मी राघोत्तमला हळूच म्हटलं, “अक्कांना माइकपासून लांब, दाराजवळ उभं कर.” आणि अक्कांना सांगितलं, “मशीनचा नियमच आहे तसा.”

तबकडी घरी आली. अक्का कर्ण्याला कान लावून बसल्या.

“माझा आवाज कुठं आहे ग, सरोजिनी?”

“म्हाताऱ्या आवाजाचं मशीनला वावडं असतं, अक्का.”

“सरी, सरी,” म्हणजे बरं, बरं, असं तमिळीत म्हणाल्या आणि हसल्या. पुढे शेजारणींनाही तेच सांगायच्या. दोन वर्षांनी, पोंगलच्या आधी, त्या गेल्या.

बासष्ट साली मी आपणहून राघोत्तमकडे गेले. म्हटलं, पुन्हा रेकॉर्ड कर. मी माझी अर्धी ओवी म्हणेन, अक्कांची अर्धी जागा मोकळी ठेवीन. निदान ती जागा तरी त्यांची राहील.

दुपारचे दोन वाजले होते, पण त्या खोलीत दिवस नसायचाच. भिंतींना काथ्याच्या चटया, त्यावर जाड पडदे. पंखा बंद केला तशी तापलेल्या व्हॉल्व्हचा, जळक्या धुळीचा वास येणारी हवा जागीच थिजली. राघोत्तमकडे आता दोन पेट्या होत्या.

“ही प्रीअँप. माइकातला बारका आवाज उचलते. आणि हा कॉम्प्रेसर, माझ्या हातचा. तुम्ही जोरात गायलात की हा दाबतो. यावरचा काटा मागं झुकला की समजायचं, दाबतोय. गप्प राहिलात की काटा जागेवर.” मी माइकजवळ सरकले तसा तो हसला. “मामी, माइकाच्या कानात गुपित सांगायचंय का? वीतभर मागं या.”

त्याने काचेपलीकडे बसून बटणं फिरवली, कानाला हेडफोन लावला आणि हात वर केला. मी ओवी उचलली.

हळदीच्या पावलांनी लेक निघाली सासरी…

आणि थांबले. अक्कांची जागा. खोली इतकी शांत की कानात स्वतःचंच रक्त वाजत होतं.

राघोत्तमने काचेवर टकटक केलं. “मामी, थांबल्यावर गुणगुणता का?”

“नाही रे.”

“काटा झुकतोय.”

त्याने वायर बदलली, माइक बदलला. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबले. या वेळी तो बाहेर आला. चेहरा उतरलेला.

“मला कानाला काही ऐकू येत नाही… पण तुम्ही थांबलात की काटा झुकतो. अर्धी ओवी म्हणून होईल इतका वेळ झुकलेलाच. मग जागेवर.” त्याचा आवाज खाली गेला. “मामी… मशीन कुणाला तरी दाबतंय.”

“काढ ते,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता काढ.”

त्याने कॉम्प्रेसरची वायर उपसली आणि प्रीअँप थेट टेपला जोडली. मी माइकसमोर उभी राहिले. तिथून एक पाऊलही हलले नाही, राघोत्तम साक्षीला आहे. सगळ्या ओव्या म्हटल्या, सगळ्या जागा मोकळ्या ठेवल्या. शेवटच्या मोकळ्या जागेत मात्र मला राहवलं नाही.

“अक्का… मशीन नव्हतं. मी होते. मीच तुम्हाला दाराशी उभं केलं…”

टेप गरगर फिरत राहिली. ऐकायचं धाडस त्या दिवशी दोघांनाही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघोत्तमने टेप लावली. आधी, माइकच्या अगदी जवळ, कुणीतरी मिरी फोडली. मग माझी ओवी सुरू झाली. ती दाराजवळून येत होती.