माशांना भूक लागली नव्हती

तळ्यातले मासे तोंडं वर काढून आ वासत होते. शाल्मलीने लगेच निदान केलं: भूक लागली असणार. श्रीखंडासाठी टांगलेल्या दह्यातून गळणारी निवळी (पिवळसर पाणी) वाया घालवायची नाही, माशांना घालायची, असा तिच्या घरचा जुना रिवाज. पूर्वी तांब्याभर निघायची. आता पाच गावांना श्रीखंड जात होतं आणि निवळी बादल्यांनी निघत होती. दुसरी बादली ती ओतणार, तोच तळ्याचा राखणदार यंत्रमानव झिंगा आडवा आला.

"थांब. ते उपाशी नाहीत. त्यांचा श्वास कोंडलाय."

"काहीतरीच," मागून बाबा म्हणाले. "दुधादह्याचं पाणी ते. घाण आहे का?"

झिंगाला वाद घालायचा कंटाळा, प्रयोगाची मात्र भारी हौस. त्याने ऑक्सिजनने भरलेल्या स्वच्छ पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. दोन्हींत तळ्यातले थोडे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) सोडले, एकीत निवळीचा एकच थेंब टाकला. ऑक्सिजन मोजून बुचं घट्ट लावली आणि बाटल्या थंड, अंधाऱ्या पेटीत ठेवल्या.

"अंधारात कशाला?" शाल्मलीने विचारलं.

"उजेडात शेवाळं नवा ऑक्सिजन तयार करतं. मग हिशोब चुकतो. आता पाच दिवस थांबायचं."

"तोवर मासे मेले तर?" तिने विचारलं.

"तोवर बादल्या बंद. पाण्यात हवा घुसळणारं चाक मी फिरवतो."

पाचव्या दिवशी झिंगाने पुन्हा मोजलं. साध्या बाटलीत ऑक्सिजन जवळपास होता तेवढाच. थेंबाच्या बाटलीत तो संपत आला होता.

"एका थेंबाने?" बाबांनी बाटली उचलून पाहिली.

"निवळी पौष्टिक आहे ना, जिवाणूंनाही आवडते. खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो. पंगत जितकी मोठी, तितका ऑक्सिजन जास्त. हीच जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातलं सेंद्रिय खाद्य फस्त करायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन). मग माशांना उरतो किती?"

शाल्मलीचे डोळे भरून आले. "म्हणजे मीच त्यांना गुदमरवत होते."

"तू प्रेमाने वाढत होतीस," झिंगा म्हणाला. "पंगतीला कोण बसलंय, ते तेवढं दिसत नव्हतं."

बाबांनी निवळीची बादली उचलली. "उद्यापासून निवळी गोबरगॅसच्या टाकीत जाईल."

"उत्तम. तिथल्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतच नाही. वर चुलीला गॅसही देतील."

काही दिवसांनी, गावच्या ओढ्याचं पाणीही असंच बाटलीत भरून तपासायचं असं ठरवून शाल्मली पहाटेच तळ्यावर आली. काठावर कितीतरी वेळ बसली. एकही मासा वर आला नाही. खोल पाण्यात एक रुपेरी पाठ चमकून गेली. आपल्याला भेटायला कुणीच आलं नाही, म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा खूश झाली.