कॅप्टनचा एक सेकंद

शपथेवर सांगतो, यात तिखटमीठ लावलेलं नाही. माझ्या मावसभावासोबत घडलंय. रविवार, भर दुपार. टायरच्या दुकानावरची खोली.

तिथे हा मावसभाऊ, म्हणजे दादा, आणि त्याचे मित्र कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवायचे. गोळीबार वगैरे नाही हं! कुठलं विमान किती लवकर चढतं, सूर मारताना किती टिकतं, एवढंच बघायचे. एकजण उडवणार, दुसरा मागे उभा राहून उंची ओरडणार. निकाल खडूने फळ्यावर.

फळ्यावर पहिला कायम कॅप्टन. म्हणजे औषधाच्या दुकानातला माणूस हो, खऱ्या विमानात कधी बसलाही नव्हता!

सहा हजार मीटर चढायला त्याला ५:५२.

दादाला ५:५४.

सात वर्षं तेच.

"दोन सेकंदच रे, राजा," कॅप्टन पाठीवर थाप मारायचा. दादाचा नुसता तिळपापड.

मग कॅप्टन गेला. हार्ट अटॅक. दादा खूप रडला, खोटं नाही.

पण महिन्याभरात... एकटाच खोलीवर गेला.

नियम पूर्ण टाकीचा. दादाने भरली अर्धी. हलकं विमान लवकर चढतं ना!

५:४९.

फळ्यावर लिहिलं. कॅप्टनच्या वर.

मग सूर मारला. नाक खाली, विमान थरथरतंय. आणि मागून...

"चार हजार."

तोच घोगरा आवाज.

"तीन हजार..."

खोकल्याच्या गोळीचा वास आला. कॅप्टन सतत चघळायचा ती.

"दोन हजार..."

हजारावर तो "ओढ!" म्हणायचा. सात वर्षांची सवय. नाक वर घ्यायच्या दांडीवर दादाचा हात त्या एका शब्दासाठी थांबला.

शब्द आलाच नाही...

विमान जमिनीत घुसलं.

आणि अगदी कानाशी, "टाकी किती भरली होतीस रे, राजा?"

दादा गर्रकन वळला. कुणी नाही. खिळ्यावरचं स्टॉपवॉच तेवढं हलत होतं.

फळ्यावर कॅप्टनच्या नावापुढे...

५:४८.

दादाने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं,

"घाबरलास ना रे?"

"घाबरतोय कसला! मेला तरी एक सेकंद पुढेच! बघतोच त्याला."

आता दर रविवारी एकटा जातो. बाकीच्यांनी जिना चढणं सोडलंय.

काल मावशीने त्याला बोलवायला मला पाठवलं. दादा खुर्चीत, डोळे पडद्यावर. मी मागे उभा राहून उंची सांगायला लागलो, तर खेकसला, "गप! दोघांचे आकडे एकदम ऐकू येत नाहीत."

मी फळ्याकडे पाहिलं.

दादा ५:३१.

कॅप्टन ५:३०.

अर्ध्या टाकीवरसुद्धा ते विमान इतक्या लवकर चढत नाही. कुणीही सांगेल.

जिना उतरताना त्याचा हात धरला. मनगट काडीसारखं... मावशी म्हणतच होती, हल्ली ताटाला शिवत नाही.

"दादा, जेवत का नाहीस रे?"

तो हसला.

"हलकं असलं की लवकर चढतं."

आणि तोंडाला खोकल्याच्या गोळीचा वास...