परसबागेला भरतीचं पाणी

डेलिशाने सर्वेशला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या नळाचं तोंड आवळताना.

"ओ! नळाक हात लावलास तर विळो आसा माझ्या हातात!"

वय सव्वीस, पण शाळेच्या ह्या बाईंचं तोंड सासूचं.

"मी पंचायतीचो माणूस, बाई. लोकांक प्यायला नाय, भाजीक खंयसून देऊ?" तो म्हणाला खरा... पण मेल्याची नजर विळ्यावर नव्हती, तिच्या मातीने माखलेल्या बोटांवर होती.

त्या भाजीवर शाळेचा जीव टांगलेला. पोरं उरली होती नऊ. बाग बघून शिक्षणखात्याचा साहेब ठरवणार होता — वर्षाची मुदत, नाहीतर कुलूप. वाफे पोरांनी खणले. वाल लावायचा की मिरची, तेसुद्धा बालसभेत हात वर करून ठरवलं. चौथीतली जानकी सभेची सरपंच. तिने सर्वेशच्या हातात पाण्याचा अर्जच ठेवला. "पोच देवा. शिक्क्यासकट."

पोच द्यायला तो आला, आणि मग रोजच येऊ लागला. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी, मोटरसायकलला दोन कॅन बांधून. ते पाणी ओहोटीला गोडं, भरती चढली की खारं; म्हणून ओतण्याआधी तो ओंजळभर चाखायचा.

"चाखतंस पाणी, आणि बघतंस खंय रे?"

"जंय गोड लागता थंय..."

डेलिशाने तोंड फिरवलं. हसू लपवायला, दुसरं काय!

शनिवारी तीही विहिरीवर गेली. काठावर बोलत बसली दोघं. उन्हं कलली, भरती चढली, गोष्टी संपेनात. मग हसत-हसत घाईत कॅन भरले. चाखलं कोणीच नाही. आणि पोरांनी — बाईंनी आणलेलं पाणी ते! — विश्वासाने वाफ्यांत ओतलं.

सोमवारी वालाची पानं कडेने करपलेली, मिरचीने मान टाकलेली. तपासणीला आलेला साहेब बागेपाशी क्षणभरही थांबला नाही. महिनाअखेर शाळेला कुलूप, बाईंची बदली जामसंड्याला.

जानकीने वर्गात बालसभा बोलावली. दारात आयाबाया येऊन उभ्या.

"पाणी कोणी भरलां?" वही उघडून जानकीने विचारलं.

डेलिशाने दाराकडे बघणं टाळलं. विहिरीवर हसणारी ख्रिश्चन पोर आणि हिंदू मुलगा... गावाला वर्षभर पुरेल एवढं खाद्य!

सर्वेश उठला. "मी. एकट्यान."

ती गप्प बसली असती तर वाचली असती. पण खरं बोला, उभं राहून बोला, हे तिनेच ह्या नऊ जणांना शिकवलेलं.

"खोटां बोलता तो," डेलिशा उठली. "मीय होतंय थंय. दोघांय हसत होतंव."

"कित्याक?" जानकीची पेन्सिल थांबली.

"लिही..." बाईंचा आवाज फाटला, "बाईचां लक्ष पाण्यात नव्हतां. ह्याच्यात होतां."

दारात कोणीतरी च्यक् च्यक् केलं. सर्वेशची मान खाली.

"माझांय नव्हतां," तो पुटपुटला.

जानकीने दोघांची नावं एकाखाली एक लिहिली आणि सहीसाठी वही पुढे केली. वर मान करून, दाराकडे बघत, आधी डेलिशाने सही केली.